कथा वाचली का कुणी तिची?

वाळवी
रात्रीचे साडेअकरा झालेत, झोप येत नाहीये, म्हणून धागा काढते.

एक मुलगी आहे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असेल. पुस्तकांवर रील्स करते. नाव देणार नाही आणि कृपया प्रतिसादांत अंदाजही बांधू नका, तिच्या वाट्याला आधीच पुरेशी गर्दी आलीय. मी तिला वर्षभर बघतेय. सगळंच आवडतं असं नाही. पण एकदा एका जाडजूड कादंबरीबद्दल ती म्हणाली होती, "मला दीडशे पानांनंतर झेपली नाही, चूक माझी असू शकते." हे कॅमेऱ्यासमोर म्हणणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

गेल्या आठवड्यात तिने स्वतःच्या कथेची सुरुवात वाचून दाखवली. मोबाईल स्टँडला, वही हातात, मान खाली. शेवटी वर बघून म्हणाली, "मला लेखिका व्हायचंय. कशी वाटली ते सांगा." झालं. तेव्हापासून चाललंय ते अजून थांबलेलं नाही. "पुस्तकं रंगानुसार लावणारी लेखिका." "आधी पदवी तर घे." "रील्समधून वेळ मिळाला तर वाचतेसही का?" कुणीतरी दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ उकरून काढला, त्यात तिने एका परदेशी लेखकाचं आडनाव चुकीचं उच्चारलंय. तेवढाच तुकडा कापून फिरवताहेत.

आता कबुली. त्या ढिगात माझीही एक प्रतिक्रिया आहे. "शेल्फ छान आहे. लेखिका कधी येणार?" एवढीच. तिला सहाशेच्या वर बदाम मिळालेत. मी पंधरा वर्षं पुस्तकांबद्दल लिहितेय. सातशे शब्दांचं परीक्षण टाकलं की तीन जण "छान" म्हणतात आणि त्यातली एक माझी मावसबहीण असते. आयुष्यात सर्वांत जास्त दाद मिळालेलं माझं वाक्य हे!

काढून टाकू का? की आता काढणं म्हणजे पळ काढणं?

मागचा बाक
काढू नका. तिने विचारलं, तुम्ही सांगितलं. चार भिंतींत वही उघडली असती तर कुणी बोललं नसतं. हजारोंसमोर "सांगा" म्हणायचं आणि फक्त टाळ्यांची अपेक्षा ठेवायची, हे कसं चालेल? निंदकाचे घर असावे शेजारी.

चिंचोका
शेजारी एक घर असावं म्हणालेत, मागचा बाक. अख्खी वसाहत नव्हे.

गणिती
बाकीचं चालू द्या. मला फक्त तिच्या "या महिन्यात वाचलेली वीस पुस्तकं" या दाव्याबद्दल बोलायचंय, कारण सगळे तिला खोटारडी म्हणताहेत आणि हिशोब मात्र कुणी केलेला दिसत नाही.

मनातल्या मनात वाचण्याच्या वेगावर झालेल्या जुन्या-नव्या अभ्यासांचा एक मोठा आढावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात इंग्रजी ललित मजकुरासाठी प्रौढ वाचकाचा सरासरी वेग मिनिटाला २६० शब्द निघाला, ललितेतरसाठी २३८. ऐंशी हजार शब्दांची कादंबरी धरा. साधारण पाच तास आठ मिनिटं. अशा वीस म्हणजे एकशे तीन तासांच्या आत. तीस दिवसांत वाटले की रोजचे साडेतीन तासही होत नाहीत. त्यात निम्मी पुस्तकं बारीक असली, एखाददुसरं ऑडिओबुक दुप्पट वेगाने ऐकलेलं असलं, तर आणखी कमी. दिवसाला चार तास रील्स चाळणाऱ्या माणसाने हे अशक्य म्हणू नये. वाचलेलं किती मुरलं, हा वेगळा प्रश्न. पण "वाचूच शकत नाही" म्हणणाऱ्यांनी आधी भागाकार करावा.

मागचा बाक
मुरलं की नाही, हाच तर प्रश्न आहे. वीस हा आकडा सांगावासा वाटतो यातच सगळं आलं.

गणिती
मान्य. पण मग "मोजतेस कशाला" असं विचारा. "खोटं बोलतेस" हा वेगळा आरोप झाला.

पाखरू
एरवी मी रोमातच असते, म्हणजे नुसती वाचते. आज लिहितेय, कारण मी तीन वर्षं असं अकाउंट चालवलं आणि मग बंद केलं.

बाहेरून काय दिसतं ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून आतून सांगते. पुस्तक वाचायला घेतलं की पहिल्या दहा पानांत डोकं "यातलं कोणतं वाक्य फोटोला चालेल" ते शोधायला लागतं. वाक्य छोटं हवं, पानाच्या वरच्या अर्ध्या भागात हवं म्हणजे बोट आडवं येत नाही, आणि पुढचं-मागचं न वाचता कळायला हवं. मी पेन्सिलीने अधोरेखित करायचे, पण पेन्सिल कॅमेऱ्यात उमटत नाही म्हणून पिवळा हायलायटर आला. त्या काळातली माझी पुस्तकं आता उघडली की मला जे आवडलं होतं ते त्यात सापडत नाही, फोटोला जे चाललं असतं ते सापडतं. एका पुस्तकात शेवटच्या साठ पानांवर एकही खूण नाही. मी तिथवर गेले होते की नाही, मला खरंच आठवत नाही.

पान उलटण्याचा तीन सेकंदांचा तुकडा सात-आठ वेळा घ्यावा लागतो. हात थरथरतो, पंख्याने पान आधीच उलटतं, सावली पडते. त्या सात-आठ वेळांत तेच पान डोळ्यांसमोर असतं आणि एक ओळ वाचून होत नाही.

आणि पुस्तकं फुकट यायला लागली की गाडी आणखी वेगळ्या रुळावर जाते. कुणी "चांगलंच बोला" असं सांगत नाही. पुढचं पार्सल येईल की नाही, एवढंच मनात राहतं. मी एका पुस्तकाबद्दल "मधला भाग रेंगाळतो" असं म्हटलं होतं, तेही हसत हसत. त्या प्रकाशकाकडून, नाव घेत नाही, पुन्हा काही आलं नाही. मग मीही "रेंगाळतो"ऐवजी "निवांत लयीत जातो" म्हणायला शिकले.

त्यामुळे तिच्यावर टीका करण्यासारखं काही नाही असं मी म्हणणार नाही. भरपूर आहे. पण लोक रंगीत शेल्फवर बोलताहेत आणि "हे पुस्तक मला भेट आलंय" हे वाक्य ती व्हिडिओच्या शेवटी पुटपुटते, त्यावर एकही माणूस बोलत नाही.

सुटसुटीत
पाखरू, "निवांत लयीत जातो" मी वापरणार आहे. आमच्या ऑफिसातल्या मीटिंगबद्दल.

ढग्या
वयाचा मुद्दा काढणाऱ्यांसाठी: ज्ञानेश्वरी १२९० साली पूर्ण झाली, तेव्हा ज्ञानेश्वर पंधरा वर्षांचे होते. बसा.

चिंचोका
झालं, आले ज्ञानेश्वर. कुठल्याही तरुण माणसाच्या लेखनाचा विषय निघाला की चौथ्या-पाचव्या प्रतिसादात माउलींना यावंच लागतं. अहो, त्यांच्याशी तुलना करून तुम्ही त्या पोरीचा बचाव करताय की बळी देताय? दिवे घ्या (हलकेच घ्या).

अवांतर: जवळचं उदाहरण हवं असेल तर बालकवी घ्या. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्यांना ती पदवी मिळाली, तेव्हा ते जेमतेम सतरा वर्षांचे होते. कविता वाचली, लोकांनी ऐकली, आणि ऐकून मग काय ते ठरवलं. क्रम बघा.

बोरू
क्रमावरूनच आठवलं. लांबण लागणार आहे, माफ करा.

१८१८ साली इंग्रज कवी कीट्सचं दीर्घकाव्य आलं. वय बावीस. त्याने औषधं आणि शस्त्रक्रियेचं शिक्षण घेतलं होतं, दोनच वर्षांपूर्वी व्यवसायाचा परवाना मिळवला होता आणि मग ते सोडून कविता धरली होती. आपल्या भाषेत सांगायचं तर चांगली लाइन सोडून पोरगं लेखक व्हायला निघालं. त्या वर्षी त्याच्यावर दोन गाजलेले हल्ले झाले. एका मासिकाने लिहिलं की उपाशी कवी होण्यापेक्षा उपाशी औषधवाला होणं बरं, तेव्हा परत दुकानात जा, मलमं आणि गोळ्यांच्या डब्यांकडे. "आधी पदवी तर घे" हे वाळवींनी लिहिलंय ना, ते दोनशे वर्षांचं जुनं आहे.

दुसरा हल्ला मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या समीक्षकाने सुरुवातीलाच सांगून टाकलं की काव्याच्या चार सर्गांपैकी पहिल्याच्या पुढे आपल्याला जाता आलेलं नाही. चक्क छापून सांगितलं! तीन चतुर्थांश न वाचता परीक्षण.

गंमत अशी की कीट्सला स्वतःच्या कच्चेपणाची पूर्ण कल्पना होती. काव्याच्या प्रस्तावनेत त्याने ते आपणहून कबूल केलंय, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमधल्या एका पत्रात लिहिलंय की बाहेरच्यांनी दिलेल्या दुःखापेक्षा स्वतःच स्वतःची केलेली चिकित्सा जास्त झोंबली. टीकेने तो मेला ही नंतरची दंतकथा. १८२१ मध्ये गेला तो क्षयाने. पण ती दंतकथा टिकली, कारण समीक्षकांना आणि समीक्षकांच्या शत्रूंना, दोघांनाही ती सोयीची होती.

मागचा बाक
बोरू, भारी. पण त्या दोघांनी निदान पानंच्या पानं लिहिली. शिवाय ते काव्य खरोखर पसरट आहे, हे त्याचे चाहतेही मानतात. म्हणजे टीका अगदीच चूक नव्हती.

बोरू
नव्हतीच. पसरट आहे म्हणणं ही टीका. दुकानात परत जा म्हणणं ही टीका नव्हे. एकाच लेखात दोन्ही असू शकतात, तिथेच घोळ होतो.

अर्धविराम
मी हस्तलिखितं वाचायचं काम करते. म्हणजे लोक पाठवतात आणि "घ्यावं की नाही" ते मी सुचवते. मागचा बाक, तुमचं म्हणणं मला अर्धं पटतं. कडक बोलण्याला माझी ना नाही. पण कडक बोलायचं तर बोट ठेवून बोलावं लागतं.

२००६ सालचं उदाहरण देते. हार्वर्डमध्ये शिकणाऱ्या एका मुलीची पहिली कादंबरी वाजतगाजत आली. तिथल्याच विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राने दाखवून दिलं की त्यातले बरेच उतारे दुसऱ्या एका लेखिकेच्या पुस्तकांशी जुळतात. त्यांनी काय केलं? उतारे शेजारी शेजारी छापले. हा तिचा, हा हिचा, वाचा. प्रकाशकाने पुस्तक परत मागवलं. यापेक्षा कठोर टीका काय असणार? पण त्यात मुलीच्या खोलीचा रंग नव्हता, कपडे नव्हते, उच्चार नव्हते.

आता उलट टोक. जून २०२३ मध्ये एका नावाजलेल्या अमेरिकन लेखिकेने स्वतःची कादंबरी छापण्याआधी मागे घेतली, कारण गुडरीड्स या पुस्तकांना तारे देणाऱ्या वाचकांच्या साइटवर तिला एकेक ताऱ्यांचा पाऊस पडला. कथानक रशियात घडतं एवढाच आक्षेप. पुस्तक बाजारात यायला आणखी काही महिने होते. न वाचता तारे! ती प्रस्थापित होती, सावरली असेल. इथे विशी-एकविशीचं वय आहे आणि हातात एक वही.

आणि एक कडू गोष्ट. लेखकाचे फॉलोअर किती, हे हल्ली आमच्याकडे हस्तलिखिताच्या आधी विचारलं जातं. कधी कधी हस्तलिखिताऐवजीही. म्हणून "रील्स सोड आणि शांतपणे लिही" हा सल्ला ऐकायला छान असला तरी शांतपणे लिहिलेल्या वह्या माझ्या टेबलावर कितव्या थरात जातात ते मी रोज बघते. लोकांचा राग खरं तर या व्यवस्थेवर आहे आणि ठोकताहेत ते समोर दिसणाऱ्या पोरीला.

ढग्या
+१. आणि प्रत्येक टोमण्याने तिचा व्हिडिओ आणखी चार जणांपुढे जातो, ते वेगळंच. ॲपला टोमणा आणि कौतुक यातला फरक कळायची गरजच नाही, लोक थांबले आणि टाइप केलं एवढं पुरतं. तिचे फॉलोअर वाढलेही असतील.

चिंचोका
वाढले असतील तर त्यातले निम्मे पुढची चूक बघायला आलेले. असे फॉलोअर म्हणजे लग्नात जेवणाला नावं ठेवायला आलेले पाहुणे.

वाळवी, एक विचारू? त्या चारेकशे प्रतिक्रिया तुम्ही बघितल्यात. कथेतलं एखादं वाक्य कुणी उद्धृत केलंय का? चांगलं म्हणून किंवा वाईट म्हणून, कसंही.

वाळवी
आत्ता सगळ्या प्रतिक्रिया परत चाळल्या. पाऊण तास लागला.

एकही नाही. माझ्या प्रतिक्रियेतही नाही. आणि खरं सांगू? मी "लेखिका कधी येणार" लिहिलं तेव्हा व्हिडिओ निम्मा बघितला होता. बोरूंच्या त्या समीक्षकाने निदान कबूल तरी केलं होतं.

आता पूर्ण ऐकला, थांबवत थांबवत, आणि सुरुवात उतरवून घेतली. तिने जाहीरपणे वाचलंय म्हणून इथे देते. विरामचिन्हं माझी:

"त्या दिवशी पाऊस असा कोसळत होता, जणू आभाळाच्या काळजात साचलेलं दुःख कुणीतरी एकदम उपडं केलं होतं. आजोबांच्या कपाटाची किल्ली मी उशीखाली ठेवली होती. ती रात्रभर गार राहिली."

मागचा बाक
पहिलं वाक्य वाचून माझा मुद्दा सिद्ध झाला. धन्यवाद.

अर्धविराम
थांबा हो. तीनही वाचा.

पहिलं वाक्य तिचं नाहीच. ते सगळ्यांचं आहे. आभाळाचं काळीज, साचलेलं दुःख, जणू, सगळं तयार मिळतं. माझ्याकडे येणाऱ्या दहा कथांतल्या चारांत पाऊस असाच पडतो. तिने हे वाक्य लिहिलं, कारण कथा अशा सुरू होतात अशी तिची समजूत आहे. (पाखरू म्हणाली ते आठवा: पुढचं-मागचं न वाचता कळणारं, फोटोला चालणारं वाक्य. हे तेच आहे.)

दुसरं वाक्य साधं. पण त्यात प्रश्न आहे. आजोबांची किल्ली हिच्याकडे का? उशीखाली का? आजोबा आहेत की नाहीत? तिने काहीच सांगितलेलं नाही आणि मला पुढे जायचंय.

तिसरं वाक्य वाचून मी खुर्ची पुढे ओढली. ती किल्ली गार आहे म्हणजे ही रात्रभर जागी आहे, पुन्हा पुन्हा हात घालून बघतेय. "मला झोप लागली नाही" असं म्हणायची गरजच उरली नाही. हे कुणाच्या पुस्तकातून उचललेलं वाटत नाही. हे तिने हाताने बघितलंय.

मी असते तर पहिल्या वाक्यावर काट मारली असती आणि "किल्लीपासून सुरू कर" असं समासात लिहून परत पाठवलं असतं.

गणिती
क्षमस्व, पण उशीखालची किल्ली रात्रभर गार राहणार नाही. डोक्याची ऊब आहे, वर कापूस आहे. वस्तुस्थितीची चूक.

बोरू
गणिती, धातू हाताला गार लागतो, कारण तो हातातली उष्णता भराभर ओढून घेतो. किल्ली त्वचेपेक्षा थोडी जरी थंड असली तरी बोटांना गारच लागणार. शिवाय मधला कापूस डोक्याची ऊब खाली पोचू देत नाही.

गणिती
थोडा वेळ पोचू देत नाही. सात तास नाही.

सुटसुटीत
दोनशे वर्षांपूर्वीचा कीट्स, हार्वर्ड, गुडरीड्स, आणि शेवटी आपण किल्लीच्या तापमानावर भांडतोय. मला हा धागा फार आवडलाय.

मागचा बाक
तिसरं वाक्य परत वाचलं. चांगलं आहे. पहिलं वाईटच आहे. माझं बाकीचं मत कायम.

गणिती
काल रात्री प्रयोग केला. हसू नका. दोन किल्ल्या. एक डोक्याच्या बरोबर खाली, एक उशीच्या कडेला. पहाटे साडेपाचला हात घातला. मधली कोमट. कडेची गार, अगदी दचकायला होईल इतकी. बायको म्हणाली, उशीखाली काय शोधतोस? मी म्हटलं, साहित्य.

वाळवी
दोन दिवसांनी येतेय.

माझी ती प्रतिक्रिया काढली. मागचा बाक नको म्हणाले होते, पण हे पळणं असेल तर असो. तिथेच नवीन लिहिली: मी आधी अर्धवट ऐकून टोमणा मारला होता, आता पूर्ण ऐकलंय, पाऊस काढून बघ, किल्लीपासून सुरू कर, आणि पुस्तक भेट आलेलं असेल तर ते व्हिडिओच्या सुरुवातीला सांगत जा. एकही बदाम नाही. खाली एकाने लिहिलंय, "आंटी फारच सिरियस."

आज सकाळी तिचं उत्तर आलं. जसंच्या तसं देते: "भेट पुस्तकांचं बरोबर आहे, बदलते. पाऊस काढला तर सुरुवात फार छोटी वाटते, पण काढून बघते. किल्ली खरंच गार होती. म्हणजे मला जाग आली तेव्हा गार होती, मध्ये मला झोप लागली होती. मग 'रात्रभर' लिहिणं खोटं होईल का?"

काय सांगू?

अर्धविराम
राहू दे म्हणावं. ते कथेतल्या मुलीचं "रात्रभर" आहे.

गणिती
काढायला सांगा. "जाग आली तेव्हा ती गार होती." हे जास्त चांगलं वाक्य आहे, आणि खरंही.

बोरू
दोन्ही लिहून वहीत शेजारी शेजारी ठेव म्हणावं, आठवड्याने बघ.

मागचा बाक
मी गणितींच्या बाजूने. त्या व्हिडिओची लिंक कुणी मला व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) पाठवेल का? मी पूर्ण ऐकलेला नाही.